मयताच्या नावावरचा सातबारा

चिखली तालुक्यातल्या उंद्रीत एखादा म्हातारा शेतकरी वारला, तर तासाभरात गावाला कळतं. लेकीबाळींना फोन जातात, भावकी ओट्यावर जमते, शेजारची बाई न सांगता चहाचं पातेलं घेऊन येते. गावाला जे तासाभरात कळलं, ते गावाच्या दप्तराला कळायला मात्र कधी कधी वीस-तीस वर्षं लागतात. तोवर तो म्हातारा कागदोपत्री शेती करत असतो, घरपट्टी थकवत असतो, मतदारयादीत दर निवडणुकीला हजर असतो.

कारण दप्तर एक नाही. त्या माणसाचं नाव ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये आहे, नमुना ९ मध्ये आहे, तलाठ्याकडच्या सातबाऱ्यावर आणि आठ-अ वर आहे, शिधापत्रिकेवर आहे, मतदारयादीत आहे, सेवा सहकारी सोसायटीच्या सभासदयादीत आहे, बँकेत आहे. पासष्टी उलटली असेल तर श्रावणबाळसारख्या एखाद्या योजनेच्या यादीतही असेल. मृत्यूची नोंद फक्त एका वहीत होते. बाकीच्या ठिकाणी कुणीतरी जाऊन सांगावं लागतं, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज, वेगळी प्रत. दहाव्या-तेराव्याच्या धांदलीतून बाहेर पडलेल्या घराकडून ही सात-आठ कार्यालयांची वारी होत नाही. यात आश्चर्य काही नाही आणि त्या घराला दोष देण्यासारखंही काही नाही.

स्थानिक कारभारातल्या माहितीच्या दर्जाचा प्रश्न मी इथून सुरू करतो, कारण याच प्रश्नावर एक मोठं काम बुलढाणा जिल्ह्यात आधी झालं आणि मग राज्याने उचललं. १ मार्च २०२५ पासून जिल्ह्यात ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली. हेतू साधा होता. ज्या सातबाऱ्यांवर मयत खातेदारांची नावं तशीच राहिली आहेत, तिथे वारसांची नावं लावायची. महसूल विभागाने ती पुढे सगळ्या महाराष्ट्रासाठी १ एप्रिल ते १० मे २०२५ या काळात राबवली. तलाठ्याने (ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) गावात चावडी वाचन करायचं, मयत खातेदारांची यादी करायची, वारसांनी मृत्यूचा दाखला, वारसांचं स्वयंघोषणापत्र, पोलीस पाटलाचा दाखला वगैरे कागद द्यायचे, तलाठ्याने स्थानिक चौकशी करून ई-फेरफार प्रणालीत फेर घ्यायचा आणि मंडळ अधिकाऱ्याने तो मंजूर करायचा. न्यायालयात वाद चालू असलेली प्रकरणं बाजूला ठेवली होती.

या क्रमात सगळ्यात आधी काय आहे ते नीट पाहा. संगणक नाही, अ‍ॅप नाही. चावडी वाचन आहे. म्हणजे गावासमोर यादी मोठ्याने वाचायची आणि गावाने सांगायचं, ‘हा तर मागल्या दुष्काळातच गेला.’ माहिती सुधारण्याचा याहून स्वस्त आणि याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही. या प्रकरणात जे सांगायचं आहे ते एवढंच आहे: गावाची नोंद लिहिणाऱ्याच्या चुकीने जितकी बिघडते, त्याहून कितीतरी जास्त ती परत वाचून न दाखवल्याने बिघडते.

मयताचं नाव वर्षानुवर्षं का राहतं, याला आळस हे एकच कारण नाही. वारस लावायचे म्हणजे सगळे वारस लावायचे, बहिणींसकट. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि नेमकं ते नको असलेल्या घरांमध्ये सातबारा तसाच राहू देणं सोयीचं ठरतं. कुठे भावाभावांत वाटणीवरून बोलणं बंद असतं. कुठे थोरल्याचं नाव ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून चढलेलं असतं आणि धाकट्यांची नावं कागदावर नसतातच. कुठे ‘अ.पा.क.’ असा शेरा असतो, म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता म्हणून कुणाचं तरी नाव. तो अज्ञान मुलगा आज नातवंडांना शाळेत सोडायला जातो, पण कागदावर तो अजून सज्ञान झालेला नाही. मोहिमेच्या पुढच्या टप्प्यात असे कालबाह्य शेरे, फिटलेल्या तगाईचे आणि बंडिंगचे बोजे काढायलाही घेतले, हे चांगलं झालं. चुकीची नोंद जितकी त्रास देते तितकाच त्रास एकेकाळी खरी असलेली आणि आता शिळी झालेली नोंद देते.

आणि मग एक दिवस गरज पडते. पीककर्ज हवं असतं, पीकविमा भरायचा असतो, अतिवृष्टीचं अनुदान यायचं असतं. २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक मागितला जाऊ लागला. तो आधारला आणि सातबाऱ्याला जोडलेला असतो. मयत आजोबांना तो मिळू शकत नाही, आणि नातू शेत कसत असला तरी सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही. वीस वर्षं कुणाला न टोचलेली चूक त्या एका दिवशी अख्ख्या घराचं वर्ष अडवते.

उलट टोकाचं उदाहरणही या देशात आहे. उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्यात लाल बिहारी नावाचा माणूस १९७५ ते १९९४ अशी सुमारे एकोणीस वर्षं सरकारदप्तरी मेलेला होता. नातेवाइकांनी जमिनीसाठी महसुली नोंदीत त्याला मृत दाखवलं होतं. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला त्याने निवडणूक लढवून पाहिली, नावापुढे ‘मृतक’ लावलं, आणि आपल्यासारख्या कागदावर मेलेल्यांची संघटनाच उभी केली. बुलढाण्यात मेलेले कागदावर जिवंत राहिले आणि आझमगढात जिवंत माणूस कागदावर मेला. दोन्हीकडे ज्यांचा त्या नोंदीशी संबंध आहे त्यांना ती वेळेवर दाखवलीच गेली नव्हती.

आता जन्माकडे या, कारण तिथला घोळ वेगळ्या जातीचा आहे. उंद्रीसारख्या गावात यंदा किती मुलं जन्मली, हा प्रश्न तीन जणांना विचारा. ग्रामपंचायतीची जन्मनोंदवही एक आकडा सांगेल, आशाताई आणि आरोग्यसेविकेची नोंदवही दुसरा, अंगणवाडीचं सर्वेक्षण तिसरा. यात कुणी खोटं लिहिलेलं असेलच असं नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ सालचा आहे आणि त्यानुसार जन्म जिथे झाला तिथे नोंदला जातो, आई जिथे राहते तिथे नाही. बाळंतपण चिखलीच्या किंवा खामगावच्या दवाखान्यात झालं तर नोंद तिथल्या नोंदणीत. आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात, म्हणजे गावच्या वहीत जन्म कमी होत जाणार हे उघड आहे. त्यातून पहिलं बाळंतपण माहेरी. उंद्रीची सून मेहकरला माहेरी गेलेली असते आणि उंद्रीची लेक सासरहून इथे आलेली असते. आशाताईने गरोदरपणापासून मोजलेल्या बाया आणि अंगणवाडीत वजनाला आलेली बाळं यांत या लेकी-सुनांची अदलाबदल होते. तिन्ही आकडे आपापल्या व्याख्येप्रमाणे बरोबर असतात. चूक तेव्हा होते, जेव्हा तालुक्याच्या बैठकीत कुणी तिन्ही आकडे एकाच रकान्यात टाकतं आणि ‘तफावत दूर करा’ असा आदेश काढतं. मग तफावत दूर होते. एका वहीतून दुसऱ्या वहीत आकडा उतरवून दूर होते, आणि तीन खऱ्या नोंदींच्या जागी एक खोटी तयार होते.

हा केवळ हिशेबाचा मुद्दा नाही. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८५५ मुली होत्या. त्याच्या दहा वर्षं आधी हे प्रमाण ९०८ होतं. जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा २५,८६,२५८ होती, त्यामुळे जिल्ह्याच्या पातळीवरचा हा आकडा भरवशाचा आणि म्हणून भयंकर आहे. पण हाच हिशेब एका गावच्या एका वर्षाच्या जन्मांवर करायला गेलात, तर तीस-चाळीस जन्मांत दोन मुली इकडच्या तिकडे झाल्या की गाव कधी आदर्श ठरतं, कधी बदनाम. एखाद्या गावाला मुलींच्या जन्मदराबद्दल फटकारायचं किंवा गौरवायचं असेल, तर किमान पाच वर्षांचे जन्म एकत्र घ्या, आणि ते मातेच्या राहत्या गावाप्रमाणे मोजलेले असावेत. एवढी काळजी घेतली नाही तर खरोखरचं पाप लपतं आणि निरपराध गावावर शिक्का बसतो.

नावांचा प्रश्न तर उंद्रीच्या पाटीपासूनच सुरू होतो. या गावाला उदयनगर असंही म्हणतात. वर्तमानपत्रात एकदा उदयनगर छापून येतं, एकदा उंद्री, कधी दोन्ही नावं कंसात शेजारी. त्यातून पुण्याजवळही एक उंद्री आहे. हवेली तालुक्यातली ती उंद्री २०१७ मध्ये पुणे महापालिकेत गेली आणि तिथे आज इमारतींचं जंगल आहे. महाजालावर नुसतं उंद्री शोधलं तर आधी तीच समोर येते. माणसाला यात अडचण येत नाही, बोलता बोलता ‘चिखलीची उंद्री’ म्हटलं की झालं. यादीला ते कळत नाही. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं की संगणकाच्या लेखी दुसरं गाव. म्हणून केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाने स्थानिक शासन निर्देशिका केली आणि प्रत्येक गावाला, प्रत्येक ग्रामपंचायतीला एक क्रमांक दिला. नाव बदलेल, जिल्हा तुटेल, गाव नगरपंचायतीत जाईल, तरी मागचा धागा या क्रमांकावरून सापडतो. कोणत्याही विभागाने गावपातळीची यादी करताना नावाच्या शेजारी हा क्रमांक लिहिला नाही, तर ती यादी दुसऱ्या कुठल्या यादीला भरवशाने जोडता येत नाही. खर्च शून्य आहे, तरी हे होत नाही.

माणसांच्या नावांचं तर विचारूच नका. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, आणि जुन्या पिढीत लग्नात पहिलं नावही बदललेलं. रोमन लिपीत ‘श्रीराम’ तीन तऱ्हांनी लिहिला जातो. २०१७ च्या कर्जमाफीत बँकांनी पाठवलेल्या याद्या आणि शेतकऱ्यांनी भरलेले ऑनलाइन अर्ज जुळेनात, तेव्हा कितीतरी पात्र माणसं महिनोन्‌महिने ताटकळली. पश्चिम विदर्भासाठी ती केवळ तांत्रिक अडचण नव्हती. याच पट्ट्यातल्या सहा जिल्ह्यांत, ज्यात बुलढाणाही आहे, शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये केंद्राला खास पॅकेज द्यावं लागलं होतं. तिथे एका नावाच्या न जुळण्याची किंमत शहरातल्या माणसाला सहज कळणार नाही.

आणि १ जून! महाराष्ट्रातल्या पन्नाशीपुढच्या माणसांना जन्मतारीख विचारा. १ जूनला जन्मलेल्यांची गर्दी तुम्हाला थक्क करेल. घरी तारीख कुणाला ठाऊक नव्हती, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पहिलीत बसवायला वय पुरं भरायला हवं. गुरुजींनी १ जून लिहिलं. गुरुजींचा हेतू चांगलाच होता, त्यांच्या त्या एका ओळीने लाखो पोरं शाळेत बसली. परिणाम असा की दर ३१ मे रोजी राज्य सरकारातून निवृत्त होणाऱ्यांची एकच झुंबड उडते. माहितीच्या दर्जाचा अभ्यास करणाऱ्याने हे लक्षात ठेवावं की रकाना सक्तीचा केला आणि ‘माहीत नाही’ लिहायची मुभा ठेवली नाही, तर माणूस काहीतरी लिहितोच. आजच्या अ‍ॅपमध्येही हेच होतं. पाण्याच्या टाकीची क्षमता भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नसेल, तर अंदाजे आकडा भरला जातो आणि वरच्या कार्यालयात तो मोजून काढल्यासारखा दिसतो. ‘माहीत नाही’ ही खरी आणि मोलाची नोंद आहे. तिला जागा द्या.

जुन्या यादीने नव्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं ही आणखी एक खोड. शौचालयांसाठी २०१२ मध्ये पायाभूत सर्वेक्षण झालं. एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला तो त्या यादीच्या आधारावर. मधल्या सहा वर्षांत वेगळी झालेली बिऱ्हाडं, यादीतून तेव्हाच सुटलेली घरं हिशेबात आली नव्हती. घरकुलांचंही तसंच. २०१६ नंतर घरकुलं मिळाली ती २०११ च्या सामाजिक-आर्थिक आणि जात सर्वेक्षणाच्या यादीवरून. त्यात नाव नसलेल्यांसाठी मग ‘प्रपत्र ड’ आलं, आणि ते दोन शब्द विदर्भातल्या कुठल्याही ग्रामसभेत आजही आवाज चढवायला पुरेसे आहेत. यादी जुनी असणं हा गुन्हा नाही. पण यादीच्या माथ्यावर ती कोणत्या तारखेची आहे हे ठळक लिहिलेलं नसणं ही मोठी चूक आहे.

मग चांगली नोंद कशी राखायची? बाहेरून सल्लागार आणायच्या आधी आपल्या घरातलं एक जुनं उदाहरण बघावं. गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही. सातबाऱ्यावरचं एक नाव बदलायचं असेल तर आधी फेर घ्यावा लागतो. त्याला क्रमांक मिळतो. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते, मंडळ अधिकारी तपासून प्रमाणित करतो, आणि मगच सातबाऱ्यावर बदल होतो. बदललेल्या नावाशेजारी फेराचा क्रमांक राहतो. जुनं नाव पुसलं जात नाही, कंस करून तसंच दिसत राहतं. पन्नास वर्षांनी कुणीही विचारावं, हे नाव इथे कसं आलं, आणि उत्तर फेर क्रमांकात सापडावं. नुसतीच लेखनचूक असेल तर तिच्यासाठी कलम १५५ वेगळं. जगभरचे माहितीतज्ज्ञ बदलाची जी वाट राखून ठेवायला सांगतात, ती आपल्या तलाठ्याच्या दप्तरात संगणक यायच्या कितीतरी आधीपासून आहे. ती पाळली जाते तिथे वाद कमी असतात, हे वकिलांना विचारा.

याच्या शेजारी ग्रामपंचायतीचं दप्तर ठेवा. हिशेबाच्या नियमांनी ग्रामपंचायतीला १ ते ३३ नमुने नेमून दिले आहेत. त्यातला नमुना ८ म्हणजे कर आकारणी नोंदवही. एका ओळीत मालमत्ता क्रमांक, मालकाचं नाव, भोगवटादाराचं नाव, बांधकाम मातीचं की विटांचं की आरसीसी, लांबी-रुंदी, क्षेत्रफळ, आणि त्यावरून घरपट्टी. दर चार वर्षांनी फेरआकारणी व्हायची असते. ही एक ओळ किती गोष्टी ठरवते! नमुना ९ ची मागणी तिच्यातून निघते, नमुना १० ची पावती मागणीवर फाटते, आणि वसुलीची टक्केवारी या सगळ्यावर उभी असते.

आता त्या ओळीत मालक म्हणून मयत वडिलांचं नाव आहे असं धरा. चार मुलगे एकाच वाड्याच्या चार भागांत राहतात, एकाने पुढे स्लॅब टाकला आहे. ओळ मात्र एकच, मातीच्या घराची. पट्टी कुणी भरायची यावर चौघे एकमेकांकडे बोट दाखवतात. थकबाकी दरवर्षी मागणीत मिळवली जाते, मागणी फुगते, वसुलीची टक्केवारी घसरते, ग्रामसेवकाला तालुक्यात बोलणी बसतात. पैसा नाही म्हणून दिवाबत्ती बंद. ही थकबाकी अर्धीअधिक लोकांच्या अनिच्छेची नसते, न सुधारलेल्या ओळीची असते. वारसाचा अर्ज आला तर मासिक सभेत ठराव होतो, हे खरं. पण त्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख नमुना ८ मधल्या त्या ओळीसमोर लिहिलेली असेलच असं नाही. नवा ग्रामसेवक आला की जुना दुवा तुटला. माझं स्पष्ट मत आहे की नमुना ८ ला फेरफाराची शिस्त लावली पाहिजे. ठराव क्रमांकाशिवाय ओळीत बदल नाही, आणि जुनी नोंद एका रेघेने छेदायची, व्हाइटनरने पुसायची नाही. संगणकावर चढवताना ही शिस्त आधी आणि टंकलेखन नंतर. नाहीतर वहीतली चूक फक्त वेगाने पसरते. गावठाणाच्या ड्रोन मोजणीने, ज्याची सुरुवात राज्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीतून झाली, घरांच्या हद्दी नीट मिळू लागल्या आहेत. पण ड्रोनला छप्पर दिसतं, छपराखाली किती वारस आहेत ते दिसत नाही.

आज लिहिलेली ओळ उद्या कोण वाचेल याचा भरवसा नसतो. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडात कोतवालाच्या वर्दीवरून जन्म-मृत्यू लिहिले जात. त्या वह्या कोतवाल बुक म्हणून विदर्भातल्या तहसिलींच्या अभिलेख कक्षांत आजही आहेत. कितीतरी जागी बाळाचं नावच नाही, नुसतं बापाचं नाव आणि पुढे ‘मुलगा’. बारसं व्हायच्या आधी वर्दी गेली होती, आणि त्या कोतवालाच्या लेखी काम पुरं झालं होतं. शंभर वर्षांनी त्याच ओळीसाठी जात पडताळणीला माणसं नकलेच्या रांगेत उभी राहतात, आणि तो नाव नसलेला ‘मुलगा’ म्हणजेच आमचे आजोबा हे सिद्ध करता करता थकतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा राज्यभर अशीच जुनी दप्तरं उघडली गेली, मोडी वाचणाऱ्यांना शोधून आणावं लागलं. नव्या जन्मनोंदीतही नाव नंतर चढवण्याची सोय जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात आहे, कलम १४ प्रमाणे. बाळाचं नाव ठेवल्यावर ते चढवून घ्यायला विसरणारे आईवडील आजही पुष्कळ आहेत.

आता पुन्हा वाचून दाखवण्याकडे. २०१७ मध्ये संगणकीकृत सातबारा पक्का करण्याआधी महाराष्ट्रात गावोगाव चावडी वाचन झालं होतं. हस्तलिखित आणि संगणकातला सातबारा यांतला फरक खातेदारांनीच दाखवून दिला. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हे सातबाऱ्यापलीकडे नेलं. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी बघायची, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि त्यावरून यंदा कोणती पिकं घ्यायची ते ठरवायचं. तिथे पावसाचा आकडा चुकला तर चुकणाऱ्याचंच पीक वाळतं, म्हणून तो आकडा कुणी अंदाजे लिहीत नाही. बहुतेक गावांतली माहिती मात्र फक्त वर जाते. ग्रामसेवकाला आज ई-ग्रामस्वराज भरायचं असतं, पंचायत विकास निर्देशांकाच्या नऊ विषयांचे रकाने भरायचे असतात, शिवाय दर आठवड्याला कुणाची तरी ‘आजच पाठवा’ अशी माहिती असते. त्यातलं गावाकडे परत काहीच येत नाही. जी माहिती वापरायला गावालाच मिळत नाही ती गाव का तपासेल? एस्टोनियात एकदा सरकारला दिलेली माहिती दुसऱ्या खात्याने पुन्हा गोळा करण्यावर कायद्यानेच बंदी आहे. आपल्याकडे किमान एवढं तरी व्हावं, की मृत्यूची नोंद झाली की तिची प्रत तलाठ्याकडे, शिधावाटपाकडे आणि मतदारयादीच्या बीएलओकडे आपोआप जावी. दुःखातल्या घराला सात-आठ दारं दाखवू नयेत.

वाचून दाखवताना एक पथ्य मात्र कसोशीने पाळावं. मालमत्ता, कर, लाभार्थ्यांची नावं चावडीवर वाचावीत. आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल, कुणाचा आजार, कुण्या बाईचं गरोदरपण ही चावडीची गोष्ट नाही. पंचायतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आधारच्या प्रतींचे फोटो पडलेले दिसतात, ते आजपासून बंद झालं पाहिजे.

२०२७ च्या जनगणनेत प्रगणक मोबाइल घेऊन तुमच्या दारात येतील, तेव्हा घरातल्या प्रत्येकाचं वय आणि नाव कागद बघून सांगा. त्याची वाट मात्र बघू नका. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. पुढच्या सभेला जा आणि नमुना ८ मधली तुमच्या घराची ओळ वाचून दाखवायला सांगा. तुमचा सातबारा काढून त्यावर कुणी मयत आहे का ते बघा. असेल तर मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे वारसाचा अर्ज द्या, आणि त्या अर्जात बहिणींची नावं लिहायला विसरू नका.